कुत्री रुळली, चाचा रुळेनात

महाराजांच्या कारकिर्दीत आमच्या गल्लीत नुसती माणसं राहणारं घर शोधून सापडलं नसतं. कुणाच्या दारात टक्करीचा एडका, कुणाच्या ओट्यावर पोपटाचा पिंजरा, कुणाच्या माळ्यावर कबुतरं. तालमीतल्या एका पैलवानानं तर मुंगूस पाळलं होतं आणि ते त्याच्या पटक्यात बसून गावभर हिंडायचं. हौसेला मोल नव्हतं, पण अडचण यायची ती घराला कुलूप लावायच्या वेळी. चैत्रात सगळं घर जोतिबाला निघालं की एडक्याला वैरण कोण टाकणार? पाहुण्यांच्या लग्नाला आठ दिवस जायचं तर पोपटाला डाळ कोण घालणार?

त्यासाठी आप्पांचं परडं होतं. आप्पा म्हणजे आमच्या घरामागं राहणारे एक म्हातारे गृहस्थ. त्यांची उभी हयात महाराजांच्या शिकारखान्यात कुत्र्यांपाशी गेली होती. नोकरीतून सुटल्यावर त्यांना जनावराशिवाय करमेना, म्हणून त्यांनी लोकांची जनावरं सांभाळायला सुरुवात केली. रंकाळ्याच्या बाजूला त्यांचं मोठं परडं, मधे चिंचेचं झाड, कडेनं रचलेल्या दगडांची ठेंगणी गडग, एका अंगाला छपर. लोक निर्धास्तपणे जनावर बांधून जायचे आणि येताना प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा नि पायलीभर जोंधळे घेऊन यायचे.

मी त्या गल्लीत लग्न होऊन आले तेव्हा आप्पांचे गुडघे गेले होते. चंदगडाकडं दिलेली त्यांची लेक त्यांना घेऊन जायला मागं लागली होती. मग परड्याचं काय करायचं? ते माझ्या सासूबाईंनी आपल्याकडं घेतलं. त्यांना मी आत्या म्हणत असे. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात, आणि माझ्या तर त्या खरोखरीच्या आत्या होत्या, बापाची सख्खी बहीण. त्यामुळं लाड निम्मे आणि धाक दुप्पट. बाई अंगानं एवढीशी, पण आवाज असा की रंकाळ्यावर म्हशी धुणारी पोरं वळून बघायची. जनावरांचा त्यांना लळा होता. माणसांचाही असावा, पण तो त्या दाखवत नसत.

आत्यांना वाटलं होतं, परडं तेच, दावणी त्याच, आपण नुसतं वैरणपाणी बघायचं. आप्पांनी पहिल्याच दिवशी तो समज काढून टाकला.

“जनावर एकटं घ्यायचं न्हाई,” आप्पा म्हणाले. “मालकासकट घ्यायचं.”

“म्हंजे मालकाला बी दावणीला बांदू व्हय?” आत्या म्हणाल्या.

“बांदलासा तर बरंच हुईल की,” आप्पा म्हणाले, आणि मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. नवीन माणसाच्या हाती जनावर द्यायचं, तर मालकानं आधी काही दिवस त्याच्याबरोबर परड्यात येऊन बसायचं. तिथंच भाकरी खायची, तिथंच दुपारी लवंडायचं. आपला माणूस इथं बिनघोर बसतोय हे जनावरानं बघितलं, की त्याचा निम्मा जीव खाली पडतो. आणि जाताना मालकानं आपल्या अंगाखालचं अंथरूण किंवा अंगावरचं काही तिथं ठेवून जायचं. जनावर त्यावर झोपतं आणि मालक जवळच आहे असं समजतं.

मला हे ऐकून हसू आलं नाही. मी सासरी येताना माझ्या आईचं जुनं लुगडं ट्रंकेत तळाशी घालून आणलं होतं. ते मी नेसत नसे. ट्रंक उघडायचं निमित्त काढून त्यावर तोंड ठेवायचं आणि परत झाकण लावायचं, एवढंच. नव्या सुनेच्या घशाखाली घास उतरतोय की नाही हे कुणी परड्यात बसून बघत नसतं. आप्पांचं बोलणं ऐकताना मला त्या एडक्यांचा आणि पोपटांचा चक्क हेवा वाटला.

आप्पा जायच्या आधी जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून बोलावून आणायचे आणि आत्यांची गाठ घालून द्यायचे. मी पाणी द्यायला आणि बसायला घोंगडं टाकायला असायची. त्यात माझ्या एक लक्षात आलं. जनावरं दोन दिवसांत रुळायची. घोळ घालायचे ते मालक. एडक्याचा मालक आत्यांना रोज नव्यानं विचारायचा, “बाईमानूस हायसा, ह्यो शिंगावर घेतला म्हंजे?” आत्यांनी एकदा त्याच्यादेखत एडक्याला शिंगाला धरून फिरवून बसवलं, तेव्हा तो गप्प झाला, पण खूश झाला असं काही मला दिसलं नाही. आपल्यावाचून आपलं जनावर सुखात राहतंय हे बघायला माणसाला जड जातं. हे मला त्या परड्यात कळलं, आणि पुढं माझी पोरं मोठी झाली तेव्हा फार उपयोगी पडलं.

तर अशात एके दिवशी पिंजारीचाचा आले.

चाचा आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. थंडी सुरू झाली की खांद्यावर पिंजण टाकून ते दारोदार कापूस पिंजायला निघायचे. लाकडी ठोकळ्यानं पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर मारलं की टंग टंग असा आवाज निघायचा, तो ऐकून बायका जुन्या गाद्या घेऊन बाहेर यायच्या. चाचांची बायको आणि एकुलता मुलगा प्लेगात गेले होते. त्यानंतर कुणीतरी एक कुत्रीचं पिल्लू त्यांच्या दारात सोडलं. घरात कुत्रं नको म्हणून त्यांचे भाऊबंद बोलायचे. चाचांनी त्यावर तोड काढली. कुत्री घरात घेतली नाही. स्वतःच ओट्यावर झोपायला लागले.

चाचांचा एक डोळा कधीचा गेला होता. दुसऱ्यावर कैक वर्षांपासून सारा, म्हणजे मोतीबिंदूचा पडदा, पडत आला होता. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पिंजायचं काम हाताच्या नि कानाच्या सवयीनं चालायचं, पण रस्ता दिसायचा नाही. कुत्रीच्या गळ्यात दोरी बांधून ते तिच्या मागनं चालायचे. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. गल्ल्या तिला पाठ होत्या आणि ती पुढं चालायची, इतकंच. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात डोळ्यावरचा पडदा काढतात हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक झालं होतं. चाचा एकदा दाखवून आले होते. डॉक्टरनं सांगितलं होतं, हा डोळा अजून येईल, पण लवकर या. फार थांबलात तर हाही गेला म्हणून समजा. आता गल्लीतला एक तांबोळी आपल्या आईला डोळ्यांसाठीच मिरजेला नेणार होता. तो चाचांनाही सोबत घ्यायला तयार होता. मागाहून त्यांना नेणारं दुसरं कुणी नव्हतं.

“पर ही माज्याबिगर खाईत न्हाई,” चाचा म्हणाले. “मी तिकडं पडून ऱ्हायचा आनि हिकडं ही मरायची. तसले डोळे घेऊन काय करू?”

आप्पा म्हणाले, “खाईल. आनून सोडा. बाईंच्या हाताला सवय लावू.”

आणि हे सांगून, नेमके दुसऱ्या दिवशी आप्पा चंदगडाच्या गाडीत बसून गेले. लेकीनं बैलगाडी पाठवली होती, ती थांबेना. गाडीत चढता चढता त्यांनी आत्यांना सांगितलं, “पिंजाऱ्याचं अंगाखालचं अंथरूण आनून घ्या. ते महत्त्वाचं.” बाकी काही सांगितलं नाही. बाकी काही सांगायला हवं असं त्यांना वाटलंच नाही.

आत्यांनी अंथरूण आणून घेतलं. ती एक वाकळ होती, चार जुन्या कापडांची, मधे कापूस घालून चाचांनीच शिवलेली. कधी धुतली होती देव जाणे. तिला तेलाचा, तंबाखूचा, कुत्रीचा आणि चाचांचा असा सगळा मिळून एक वास होता. आत्यांनी ती दोन बोटांत धरून उचलली नि मला म्हणाल्या, “पंचगंगेला जा आनि चांगली आपटून आन. पावण्याचं अंथरूण असलं मळकं ठेवायचं व्हय आपल्या दारात?”

मला ट्रंकेतलं लुगडं आठवलं. पण लग्न होऊन वर्ष झालेली सून सासूला असं सांगत नसते, की आत्या, वास जाईल. मी चुलीतली राख आणि रिठे घेऊन घाटावर गेले आणि वाकळ धुऊन आणली. आत्यांनी ती उन्हात दोन दिवस वाळवली. वरून ऊद जाळून धुरी दिली. मग घडी घालून मोठ्या अभिमानानं चिंचेखाली अंथरली. आमच्याकडं पाहुण्याचा मान असाच करतात. पाहुणा यायच्या आधी अंथरूण-पांघरूण स्वच्छ हवं. आणि तरीही, एका मुसलमानाची नि त्याच्या कुत्रीची वाकळ होती म्हणून आत्यांनी ती जरा जास्तच आपटायला सांगितली का, असं माझ्या मनात येऊन गेलं. दोन्ही असेल. माणसाच्या मनात एका वेळी दोन गोष्टी राहतात आणि आत्याही माणूसच होत्या.

कुत्री वाकळेवर पाऊल ठेवीना. लांबून हुंगून परत फिरली आणि गडगीच्या फाटकाशी रस्त्याकडं तोंड करून बसली. आत्यांनी ताकात भाकरी कुस्करून ठेवली. दूध-भाकरी ठेवली. शेवटी मामंजींच्या ताटातलं मटण उचलून ठेवलं, तेव्हा मामंजी नुसते ताटाकडं बघत राहिले. कुत्रीनं कशालाही तोंड लावलं नाही. दिवस कलला की काठी टेकत, भिंतीला हात लावत चाचा यायचे. त्यांच्या हातून ती सगळं खायची.

“बगा,” चाचा म्हणायचे. “म्या म्हनलं न्हवतं? माज्याबिगर खाईत न्हाई.”

मी त्यांच्या तोंडाकडं बघायची. त्या तोंडावर काळजी होती हे खरं, पण काळजीच्या मागं दुसरंही काही होतं. जिंकल्यासारखं. मला त्यांचा राग यायचा. डोळा जायची पाळी आली आहे आणि हे गृहस्थ कुत्रीच्या उपासावर खूश आहेत, असं वाटायचं. मी तेव्हा लहान होते. राग लवकर यायचा. तो अजूनही येतो, पण आता निदान थोडा वेळ थांबून येतो.

मिरजेची गाडी दोनचार दिवसांवर आली. तांबोळी निरोप पाठवून विचारू लागला, चाचा येणार आहेत की नाही. आत्यांची चिडचिड वाढली. एके दिवशी चाचा कुत्रीला भरवून झाल्यावर तिथंच दमून बसले आणि टेकायला काही आहे का म्हणून हातानं चाचपू लागले. हाताला वाकळ लागली. त्यांनी ती ओढून घेतली, कडेवरून बोटं फिरवली, मग उचलून नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

“ही कुनाची?” त्यांनी विचारलं.

“तुमचीच की वो,” आत्या म्हणाल्या.

“न्हाई. माजी असली न्हाई.”

“अवो तुमचीच. धुऊन ठेवलीया चांगली, धुरी देऊन.”

चाचांनी वाकळेवर पुन्हा एकदा बोटं फिरवली. मग हसले. “बाई, मला वळखू ईना, तर तिला काय वळखू ईल?”

आत्यांचा चेहरा उतरला. त्या चुकल्या असं त्या कधी तोंडानं म्हणाल्या नाहीत, आयुष्यात नाही, आणि त्या दिवशीही नाही. उठून तरातरा घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात आमच्या घरातल्या दोन गाद्या होत्या. त्या त्यांनी चिंचेखाली टाकल्या, ब्लेडसारख्या धारेच्या विळीवर टर्रकन उसवल्या आणि सगळा कापूस बाहेर काढला.

“सकाळी पिंजन घिऊन या,” त्या चाचांना म्हणाल्या. “ह्यो कापूस पिंजायचा हाय. इथंच बसायचं, ह्याच वाकळंवर. जेवायचं इथं, झोपायचं बी इथं. मळवा तिला पैल्यासारकी.”

चाचा आले. दिवसभर आमच्या परड्यात टंग टंग चाललं होतं. कापसाची धूळ सगळीकडं उडत होती. माझ्या केसांत, चिंचेच्या पानांवर, एडक्याच्या लोकरीत. चाचांच्या अंगाला घाम फुटला होता आणि सगळा वाकळेत मुरत होता. कुत्री आधी फाटकाशीच होती. दुपारी ती उठली, वाकळेच्या कडेला येऊन बसली, मग अंग टाकून झोपली. आत्यांनी चाचांना जेवायला वाढलं ते पत्रावळीवर, परड्यात. ताट बाहेर काढलं नाही. तो काळ तसा होता. पण वाढायला त्या स्वतः वाकल्या आणि “आनि घ्या की, लाजतासा काय” म्हणून तीनदा भाकरी टाकली. ते मी विसरले नाही, आणि पत्रावळही विसरले नाही.

त्या दोन दिवसांत आत्यांनी कुत्रीला कसं वळवलं ते बघण्यासारखं होतं. आधी आत्या भाकरी कुस्करायच्या आणि चाचा भरवायचे. मग चाचा कुस्करायचे आणि आत्या भरवायच्या. चाचांचा गुडघा कुत्रीला लागलेला असायचा. कुत्री आत्यांच्या हाताकडं बघायची, चाचांकडं बघायची आणि हळूच घास घ्यायची. मग आत्यांनीच कुस्करायचं, आत्यांनीच भरवायचं, आणि चाचांनी नुसतं पिंजत बसायचं. शेवटी आत्यांनी चाचांना सांगितलं, “आता उटा आनि भाईर जाऊन बसा. फाटकाच्या पल्याड. खोकायचं बी न्हाई.”

चाचा गेले. गडगीच्या पलीकडं दगडावर बसले. मी फाटकापाशी उभी होते, त्यामुळं मला दोन्हीकडचं दिसत होतं. आत्यांनी काशाच्या वाटीत दूध-भाकरी ठेवली आणि बाजूला सरल्या. कुत्रीनं फाटकाकडं बघितलं. कान टवकारले. मग वाकळ हुंगली, तिच्यावर उभी राहिली आणि खायला लागली. वाटी चाटून पुसून साफ केली.

“खाल्लं की वो चाचा!” आत्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की चिंचेवरचे कावळे उडाले.

मी पलीकडं बघितलं. चाचा काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

“खाल्लं?” त्यांनी मला हळू विचारलं.

“व्हय चाचा.”

“सगळं?”

“सगळं.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि त्यांच्या त्या मिटायला आलेल्या डोळ्यातनं घळाघळा पाणी यायला लागलं. माझा राग कुठल्या कुठं गेला. मला वाटलं होतं हे कुत्रीसाठी अडून बसलेत. पण कुत्री खाईना तोवर त्यांना मिरजेला जावं लागणार नव्हतं. आता ती खायला लागली आणि त्यांच्याजवळ काही निमित्त उरलं नाही.

आत्या हात पुसत फाटकाशी आल्या. त्यांनी चाचांकडं बघितलं आणि त्यांच्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता असा मऊपणा आला. “भ्या वाटतंय व्हय?”

“लई,” चाचा म्हणाले. “डोळ्यात सुरी घालत्यात म्हनं. जागं असताना. आनि आलाच न्हाई डोळा तर? आत्ता निदान उजेड तरी कळतोय.”

“आनि न्हाई गेलासा तर?”

“तर बी डोळा जानारच.”

“मग?” आत्या म्हणाल्या.

चाचांनी बाहीनं डोळे पुसले. मग काठी टेकून उठले. “तिला मी जाताना दिसाया नगो,” ते म्हणाले. “मी तांबोळ्याबरोबर परस्पर टेशनावर जातो.” पिंजण त्यांनी आमच्या छपरातच ठेवलं. कुत्रीला हात न लावता ते भिंतीच्या आधारानं गेले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा गल्लीनं त्यांना कुत्रीवाचून लांबच्या वाटेला लागताना बघितलं.

ते गेल्यावर कुत्री आमच्याकडं नीट राहिली. दिवसातनं एकदा फाटकाशी जाऊन बसायची, वास घ्यायची, परत वाकळेवर यायची. आत्यांच्या पायात पायात करायची. मीच तिच्याशी जास्त बोलायची. घरात सुनेला मोकळेपणी बोलायला जागा कुठं असते? चाचांचा डोळा आला की नाही हे कळायला मार्ग नव्हता. तांबोळी येईतो सगळ्यांनी वाट बघायची. आत्या रोज सांजवात करताना देवापुढं काहीतरी पुटपुटायच्या. काय ते मी विचारलं नाही, पण मलाही तेच मागायचं होतं.

आणि एके सकाळी चाचा आले. काठी होती, पण भिंतीला हात नव्हता. डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा, आणि त्यामागं एक डोळा एवढा मोठा दिसत होता. फाटकात थांबून त्यांनी सगळीकडं बघितलं. चिंचेकडं वर बघितलं. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “पानी देनारी ती तू व्हय, बेटी?” मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी नुसती मान हलवली. मग आत्या आल्या, तर त्यांच्याकडं बघून चाचा खो खो हसले.

“तुमीच त्या? अवो, डोळं हुतं तवा कवा नीट बगितलं न्हवतं, आवाजावनं मला वाटलं हुतं, बाई दाराएवढी असंल!”

आत्याही हसल्या. मीही डोळे पुसत हसले. सगळं परडं आनंदानं भरून गेलं असं मला वाटलं, आणि ते मी खोटं सांगत नाही. कुत्रीला तोवर वास लागला होता. ती वाकळेवरून उठली, आधी पुढचे पाय, मग जरा दमून मागचे, आणि शेपटी हलवत, कुईं कुईं करत चाचांच्या पायाशी आली.

चाचांनी तिच्याकडं बघितलं. मग मान वर करून छपराकडं बघितलं, गडगीच्या कडेनं नजर फिरवली.

“माजी कुटं हाय?” त्यांनी विचारलं.

आत्यांनी त्यांच्या पायाशी घोटाळणाऱ्या कुत्रीकडं बोट केलं.

“हीच की वो,” आत्या म्हणाल्या.

“ही कुनाची तरी म्हातारी हाय. माजी काळ्याभोर तोंडाची हाय. कुळकुळीत काळी.” ते अजून हसतच होते. त्यांना वाटलं, आम्ही थट्टा करतोय.

“चाचा, तीच हाय,” मी म्हणाले.

त्यांचं हसू हळूहळू विरलं. ते खाली बसले. कुत्रीनं डोकं त्यांच्या मांडीत घुसवलं. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला, इतक्या कष्टानं मिळवलेला तो डोळा घट्ट मिटला आणि हातानं तिला चाचपू लागले. कान, मान, पाठीचा कणा. हात कानाशी परत आला आणि तिथंच राहिला. हाताला ती लगेच ओळखू आली. मग त्यांनी चष्मा लावून पुन्हा बघितलं. तोंड सगळं पांढरं झालेलं, डोळ्यांवर तिच्याही निळसर झाक, मागच्या पायांत जोर नाही. आम्हाला हे रोज दिसत होतं. ती म्हातारी आहे हे कुणाला सांगायचं असतं, असं आमच्या मनातही आलं नव्हतं.

“कवा झाली गं ही अशी?” ते मला म्हणाले. “मी आंधळा हुतो तवर ही पिल्लूच हुती.”

आत्या पुढं झाल्या. रडणाऱ्या माणसाला त्या नेहमी दामटायच्या, तसंच दामटत म्हणाल्या, “म्हातारी झाली तर झाली. हाय न्हवं अजून?”

“हाय,” चाचा तिच्या पांढऱ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाले. “पर आता मला दिसतंय की बाई, किती ऱ्हायलीया ते.”